आंब्याच्या शेडमध्ये पोलंडचे मूकपट

आंब्याचा सीझन संपला की आम्ही पॅकिंगची शेड झाडून काढतो. खराटा मारतो, पाणी मारतो, पुन्हा खराटा मारतो. तरी दिवाळीच्या सुमाराला काही शोधायला म्हणून वाकावं, तर कोपऱ्यात मूठभर पेंढा निघतोच! किश्श्यांचं तसंच असतं. मुद्दाम कोणी साठवत नाही. चार माणसं एका जागी बसली की आपोआप खाली पडतात, आणि मग कितीही झाडा, जात नाहीत.

ही शेड पावस गावात आहे, अण्णांच्या बागेत. मी तात्या. जन्मभर याच शेडमध्ये आंबे निवडले, भरले, आणि शिमगा आला की नमनात, म्हणजे आमच्या कोकणातल्या सोंगांच्या खेळात, मृदंग वाजवला. शाळेशी माझी ओळख कमीच. अक्षराला अक्षर लावायला शिकवलं ते अण्णांच्या बायकोने. त्या हायस्कुलात शिकवायच्या, म्हणून सगळं गाव त्यांना बाई म्हणतं. हे लिहायलाही त्यांनीच बसवलंय. मी सावकाश लिहितो. तुम्हीही सावकाश वाचा, घाई कोणाला आहे!

तर या शेडमध्ये, सीझन नसला की, शनिवारी दिवेलागणीनंतर आम्ही पोलंड देशाचे मूकपट बघतो.

हसलात ना? आम्हीही हसलो होतो.

झालं असं, की अण्णा-बाईंची एकुलती एक लेक मुग्धा. शिकायला म्हणून परदेशी गेली आणि तिथेच पोलंडच्या एका मुलाशी लग्न करून मोकळी झाली. घरी कळवलं ते लग्नानंतर, फोनवर. अण्णांनी फोन खाली ठेवला तो ठेवलाच. तेव्हापासून मुग्धाचा फोन आला की बाई स्वयंपाकघरात जाऊन बोलतात आणि अण्णा कलमांना पाणी शिंपायला बागेत जातात. भर पावसाळ्यातसुद्धा!

जावयाचं नाव मारेक. तो तिकडे जुन्या फिल्मा दुरुस्त करतो. शंभर वर्षांपूर्वीच्या, तुटलेल्या, डाग पडलेल्या. बाईंनी त्याच्याकडून ते सिनेमे मागवून घेतले आणि अण्णांना म्हणाल्या, "पोर ज्या देशात नांदते, तो देश डोळ्यांखालून तरी घाला."

"मला काही बघायचं नाही."

"मग शेड तरी द्या. बाकीचे बघतील."

अण्णांनी शेड दिली. आणि स्वतः दाराबाहेर अंगणात खुर्ची टाकून, सिनेमाकडे पाठ करून बसले. कशाला? तर म्हणे, "शेड माझी आहे. राखण नको?"

बाईंना आता एकच हवं होतं. अण्णांनी लेकीशी एक शब्द बोलावा. सिनेमा आपला निमित्ताला. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. अण्णांनाही!

*

पहिल्या शनिवारी बाईंनी आधी भाषण केलं. म्हणाल्या, पोलंड हा देश पुष्कळ वर्षं नकाशावरच नव्हता, शेजाऱ्यांनी वाटून घेतला होता. तेव्हा तिथल्या मोठमोठ्या लेखकांनी गोष्टी लिहिल्या, आणि लोकांनी त्या घराघरांत वाचून जपल्या. पुढे देश परत मिळाला. सिनेमा तेव्हा नवा होता, त्याला बोलता येत नव्हतं. तरी त्यांनी त्याच गोष्टी पडद्यावर आणल्या, कारण त्या सगळ्यांना पाठ होत्या.

मला हे पटलं. आमच्या नमनात कृष्ण गवळणींना अडवणार, हे पोराटोरांना माहीत असतं. तरी माणसं जागा धरून बसतातच ना?

भाषणात बाई मूकपट म्हणजे काय, तेही सांगून गेल्या होत्या. पण भाषण ऐकायचं असतं, हे आम्हाला कुठे माहीत!

सिनेमा सुरू झाला. पडदा म्हणून टांगलेल्या चादरीवर घोडे धावले, तोफा उडाल्या, आणि आवाज नाही! आमच्यात मिरकरवाडा बंदरावरचा दामू आहे. ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य. इंजिनाच्या वरताण ओरडून ओरडून त्याचा गळाच तसा झालाय. तो गरजला, "विलास! आवाज गेला बघ!"

विलास आमचा वायरमन, प्रोजेक्टर त्याच्याकडे. त्याने गणपतीतला स्पीकर आणून लावला होता. तो उलटा केला, वायर सोलली, पुन्हा जोडली. दामूने स्पीकरला कान लावला. थोपटला. मग दोन थपडा ठेवून दिल्या. कोणीतरी म्हणालं, करंट कमी येतोय. पंखे बंद केले. आम्ही घामाने निथळतोय आणि चादरीवर लढाई गुपचूप चाललीय!

एवढ्यात बाई कोकम सरबत घेऊन आल्या. "काय चाललंय काय?"

"आवाज येत नाय, बाई."

"अरे, मूकपट आहे तो! त्याला आवाज नाहीच."

दामूने मांडीवरच्या स्पीकरला हळूच गोंजारलं. "माफ कर रे बाबा," म्हणाला, "फुकटचा मार खाल्लास!"

*

त्या देशात बर्फ फार. कुठलाही सिनेमा लावा, अर्धा अधिक पांढराच. एकात तर लढाईहून परतणारी माणसं बर्फात अडकतात. दाढ्या गोठलेल्या, घोडे पडलेले. बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

दामूचा जीव वेगळ्याच गोष्टीसाठी तळमळत होता. बोट समुद्रात न्यायची तर आधी बर्फ भरावा लागतो, आणि बर्फासाठी मिरकरवाड्याला रोज भांडणं. तो शेवटी बोललाच. "एवढा बर्फ! फुकटात! नि एकाच्या पण हातात सुरमई नाय? मग करतात काय ह्या बर्फाचं?"

आमची कुंदा कॅनिंगला जाते, आंब्याचा रस डब्यांत भरते. टिकवण्याच्या कामातली बाई ती. डोळे चादरीवरून न काढता म्हणाली, "माणसं ठेवतात त्याच्यात. म्हणून तर शंभर वर्षांची झाली तरी ताजी दिसतात!"

*

आवाज नाही म्हणून मग बाई मला म्हणाल्या, "तात्या, मृदंग घेऊन या. पूर्वी मूकपटाच्या वेळी वाजवणारे बसायचेच."

मला आनंद झाला. मी मृदंगाला शाई-बिई बघून, दोरी ताणून, चादरीच्या बाजूला बसलो. सिनेमा एका सरदाराचा होता. घोडे आले, मी घोडे वाजवले. बायका नाचल्या, मी गवळणीचा ठेका धरला. मग दरवाजातून एक म्हातारा आत आला. अंगात काळा पायघोळ झगा, पांढरी दाढी, डोक्यावर ही एवढी उंच टोपी!

आता आमच्या नमनात काळा झगा, पांढरी दाढी आणि उंच टोपी म्हणजे संकासुर. तो येतो तोच नाचत, लोकांच्या खोड्या काढत. पोरं किंचाळतात, बायका हसतात. त्याचा ठेका ठरलेला. माझा हात गेला की हो त्या ठेक्यावर!

अख्खी शेड उठून बसली. दामू ओरडला, "आला रे आला!" त्यानंतर म्हातारा चादरीवर दिसला रे दिसला की शिट्ट्या. तो देवापुढे हात जोडतो, शिट्ट्या. आजाऱ्याच्या उशाशी बसतो, शिट्ट्या. शेवटी तो बिचारा मरतो, तेव्हा तर विलासने "वन्स मोअर" केलं!

बाई डोकं धरून बसल्या होत्या. "तात्या, अहो तो त्या गोष्टीतला सगळ्यात पुण्यवान माणूस! सगळा देश त्याला नमस्कार करतो."

"असेल बाई," मी म्हटलं, "पण टोपी त्याने विचारून घालायला हवी होती."

*

मध्ये मध्ये पाटीवर अक्षरं यायची. पोलिश. ती बाईंनासुद्धा येत नव्हती. विलासने युक्ती काढली. मोबाईलने पाटीचा फोटो घ्यायचा, मोबाईल त्याचं मराठी करून देतो. युक्ती बरी होती, पण शेडमध्ये रेंज नाही. रेंज येते ती पाण्याच्या टाकीपाशी. मग पाटी आली की विलास फोटो काढून टाकीकडे पळायचा, आणि तिथून ओरडून सांगायचा. तोवर गोष्ट पुढे गेलेली.

एकदा टाकीवरून विलासचा आवाज आला, "तो म्हणतो, तुझ्या डोळ्यांत मला माझं सगळं आयुष्य दिसतं!" आणि चादरीवर तेव्हा एक लठ्ठ माणूस घोड्याच्या जबड्यात हात घालून दात तपासत उभा!

त्या दिवशी दामूने ठरवलं, "ऱ्हाऊ दे तो फोन. आपण बोलूया. नमनात काय लिहून आणतो काय आपण?" तेव्हापासून पुरुषांचं दामू बोलतो, बायकांचं कुंदा.

पहिलाच प्रेमाचा प्रसंग. चांदणं, तळं, झाडाखाली ती दोघं. तो तिचा हात हातात घेतो, ओठ हलतात. दामू खाकरला. एवढा गडी, पण घाम फुटला त्याला. बोलला, "काय गो, जेवलीस काय?"

कुंदा म्हणाली, "जेवले. तू?"

"जेवलो. बांगडे होते."

आणि तेवढ्यात त्या दोघांनी एकमेकांना घट्ट मिठी मारली, आणि पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

कुंदा गुडघ्यावर हात मारून म्हणाली, "आमच्याकडे लग्न झाल्यापासून रोज एवढंच विचारतात. पुढचं कधी होत नाय!" तिचा नवरा मागच्या रांगेत होता. तो पाणी प्यायला म्हणून गेला, तो सिनेमा संपल्यावर आला.

*

अण्णा कायम बाहेरच. समोर त्यांची जुनी स्कूटर उभी, हे खुर्चीत, पाठ दाराकडे. हाक मारली तर "चालू द्या तुमचं" एवढंच.

एका सिनेमात दोन भावांत तलवारी चालल्या. धाकटा हरला. सिनेमा संपल्यावर आम्ही अंगणात सरबत पीत तोच विषय काढला. दामूचं म्हणणं, धाकट्याचा पाय घसरला. विलासचं म्हणणं, थोरल्याने लबाडी केली.

अण्णांना राहवलं नाही. "घसरला नि बिसरला काही नाही. डावखुरा आहे तो धाकटा. शिकवणाऱ्याने उजव्या हाताचं शिकवलं असेल. हरणारच!"

"डावखुरा?" विलास म्हणाला. "नाय हो अण्णा."

"मी सांगतो ना! सगळं डाव्या हाताने करतो तो. जेवतो डाव्या हाताने, पत्र लिहितो डाव्या हाताने."

विलासने आत जाऊन तो भाग पुन्हा लावला. धाकट्याची तलवार उजव्या हातात. जेवतो उजव्या हाताने. पत्रही उजव्याच हाताने.

आम्ही सगळे दारातून अण्णांकडे बघतोय. अण्णांनी ग्लास खाली ठेवला आणि घाईघाईने चुलीवर काही ठेवल्यासारखे घराकडे गेले. बाई मात्र त्यांच्या खुर्चीत जाऊन बसल्या. समोर बघितलं. स्कूटरच्या आरशात सगळी चादर दिसत होती, या काठापासून त्या काठापर्यंत. उलटी!

पुढच्या शनिवारी मी मृदंग घेऊन लवकर गेलो, तर बाई पदराने स्कूटरचा आरसा पुसत होत्या.

*

या फिल्मांतल्या पुष्कळशा लढाईत जळल्या, हरवल्या. कुठे सुरुवात नाही, कुठे मधलं नाही. असं कुठे आलं की मारेक तिथे पाटी लावून पाठवायचा. मुग्धाने बाईंना सांगून ठेवलं होतं, ती पाटी आली की समजायचं, इथे फिल्म हरवली आहे.

पहिल्यांदा तशी पाटी आली तेव्हा विलासने प्रोजेक्टर थांबवला. "पुढचं नाही. एकदम शेवटच आहे."

"नाही म्हणजे?" दामू उठला. "नमनात एकदा गवळण झालेला गडी पालीला अडकला, एसटी चुकली. तेव्हा खेळ थांबवला काय आपण? तात्या उठले नि गवळण झाले!"

खरं आहे ते. मिशीसकट झालो होतो. नमनाचा नियमच आहे, गडी नसला तर दुसऱ्याने उठायचं आणि गोष्ट पुढच्या माणसाच्या हातात सुखरूप द्यायची. खेळ मोडायचा नाही.

तर दामू आणि कुंदा चादरीपुढे उभे राहिले. गोष्ट अशी आली होती, की हिरो लढाईवरून परतलाय, हिरॉईन वाट बघतेय. आम्हाला वाटलं, एवढं सोसलं बिचाऱ्यांनी, आता लग्न लावूया. मी मृदंग धरला. विलासने वायरचं वेटोळं दामूच्या कपाळाला बांधलं, त्या मुंडावळ्या. बाईंनी हसत हसत मंगलाष्टक म्हटलं. तांदूळ नव्हते, म्हणून पेंढा टाकला. दामूने उखाणासुद्धा घेतला! शेड नुसती खूश.

"लाव आता पुढचं," दामू म्हणाला.

विलासने बटण दाबलं. चादरीवर शवपेटी. मेणबत्त्या. आणि पेटीत कोण? हिरो!

दामू कपाळावर वायर घेऊन तसाच उभा. "मी मेलो?" म्हणाला. "अरे, अजून पंगत पण उठली नाय!"

बाईंनी हे सगळं मोबाईलवर घेऊन मुग्धाला पाठवलं. तिकडे मारेक आणि त्याच्या ऑफिसातली माणसं म्हणे पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी मुग्धाचा फोन आला, "आई, आम्ही मे महिन्यात येतोय. दोघंही."

बाईंनी अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, "येऊ देत. मी दिवसभर शेडवरच असतो."

*

आले दोघं. मुग्धा आईच्या गळ्यात पडली. अण्णा तेव्हा शेडमध्ये आंबे निवडत होते. मुग्धा दारात येऊन उभी राहिली, "बाबा" म्हणाली. अण्णांनी मान हलवली, ती तिच्यासाठी की हातातल्या आंब्यासाठी, ते मला कळलं नाही. मग ते कलमांकडे निघून गेले. बाईंनी तोंड फिरवलं.

मारेक उंच, लाजाळू, मराठी शून्य. दुसऱ्या दिवशी दुपारी तो शेडमध्ये आला. सीझनचं शेवटचं भरणं चालू होतं. अण्णा आंबा असा धरतात, जसं तान्हं मूल. डाग, देठ, रंग, सगळं बोटांनी बघतात. त्यांच्या हाताला हात लावायची माझीही हिंमत नाही. मारेक थोडा वेळ बघत राहिला. मग त्याने खिशातून पांढरे सुती हातमोजे काढले, फिल्मा हाताळताना घालतात ते. ते घातले आणि अण्णांच्या शेजारी मांडी घालून बसला. एक आंबा उचलला. चहूबाजूंनी बघितला. पेंढ्यात ठेवला. दुसरा उचलला.

अण्णा काही बोलले नाहीत. तोही नाही. दोघं शेजारी शेजारी, माना खाली, फक्त हात हलताहेत. असं कितीतरी वेळ. आम्ही सगळे काम सोडून बघत बसलो.

कुंदा माझ्या कानाला लागली, "तात्या, मृदंग काढा. सिनेमा लागलाय!"

शेवटी मारेकची पेटी भरली. अण्णांनी ती पुढे ओढली. त्यांनी वरच्या थरातला एक आंबा उचलला, फिरवून बघितला, आणि होता तिथेच परत ठेवला. संध्याकाळी दामू भेटला, त्याला मी सांगितलं, तर तो म्हणाला, "होता तिथेच? खरं सांगता?" अण्णांनी आम्हा कोणाची पेटी कधी अशी सोडलेली नाही.

पण लेकीशी शब्द नाहीच. आणि दोघांचं परतीचं विमान शनिवारनंतर लगेच होतं.

*

त्या शनिवारी मारेकने स्वतः दुरुस्त केलेला एक सिनेमा आणला होता. त्यांच्याकडच्या एका जुन्या मोठ्या कादंबरीवरचा. भरलेल्या पेट्या बाजूला सारून चादर टांगली. अण्णा बाहेर खुर्चीत. मुग्धा आणि मारेक पुढच्या रांगेत.

गोष्ट एका म्हाताऱ्या जमीनदाराची. लेक त्याच्या मनाविरुद्ध एका वाजवणाऱ्याबरोबर निघून जाते. म्हातारा म्हणतो, ती मला मेली. दिवस जातात, बर्फ पडतो. लेक परत यायला निघते, फाटकापर्यंत येते. आणि पाटी आली! इथे फिल्म हरवली आहे.

विलासने थांबवलं. चादरीवर नुसता पांढरा उजेड. दामू बापाचं करायला उठला. कुंदा मात्र जागची हलली नाही. मुग्धाला कोपराने ढोसून म्हणाली, "तू जा गो. मी आज पेट्या उचलून दमलेय."

मुग्धा उठली. चादरीपुढे जाऊन उभी राहिली. बाई सरबत ओतत होत्या, त्यांचा हात तिथेच थांबला.

दामूने बापाची छाती काढली. त्याला बिचाऱ्याला काय, खेळ तो खेळ. ट्रॉलरवरचा सगळा आवाज लावून ओरडला, "कुठल्या तोंडाने आलीस? ह्या घरात तुला जागा नाय! चालती हो!"

मुग्धाने काहीतरी बोलायला हवं होतं. ती बोलली नाही. मान खाली घालून उभी राहिली, आणि ते काही सोंग नव्हतं. माझा हात मृदंगावरून निघाला.

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अण्णा आत आले. सिनेमा चालू असताना पहिल्यांदाच त्या दारातून आत आले!

"शिंच्या दामू," म्हणाले, "बाप असा बोलतो होय रे?"

"मग कसा बोलतो? तुम्ही दाखवा!"

"बस खाली तू."

दामू बसला. अण्णा चादरीपुढे उभे राहिले. उजेडात त्यांचा सदरा एवढा पांढरा दिसत होता, की डोळे दिपावेत. त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. मी आयुष्यभर नमनात वाजवलंय, पण गडी शब्द विसरला म्हणून कोणी असं वाट बघत बसलेलं पाहिलं नाही.

मग अण्णांनी इकडेतिकडे बघितलं. भिंतीजवळचा एक रिकामा क्रेट ओढला. उलटा केला. त्याच्यावरचा पेंढा हाताने झटकला, पुन्हा एकदा झटकला, आणि मुग्धासमोर ठेवला.

"बस," म्हणाले. "किती वेळ उभी राहशील?"

मुग्धा बसली. बाईंच्या हातातला तांब्या खाली गेला, तो दामूने वरच्यावर धरला.

आता विलासची सवय अशी, की आमचा खेळ संपला असं वाटलं की बटण दाबायचं. त्याने दाबलं. चादरीवर तोच वाडा, तोच बर्फ, फाटकाशी उभी असलेली ती लेक. आणि तो म्हातारा उठतो, तिच्याकडे बघतो, दार लावून घेतो, आतून अडसर घालतो. बाहेर ती तशीच. आत तो आगीपुढे खुर्ची ओढून बसतो, पाठ दाराकडे.

विलासच्या लक्षात आलं, तो बंद करायला धावला. अण्णांनी हात वर करून त्याला थांबवलं. सदऱ्यावर सिनेमातला बर्फ पडत असताना ते वळले आणि चादरीकडे सरळ, समोरून बघत राहिले. म्हातारा बसला होता. लेक चालत लांब लांब जात होती, ठिपक्याएवढी झाली.

मग अण्णांनी मागे वळून रांगेत मारेकला शोधलं.

"जावईबुवा," म्हणाले, "हा तुमच्याकडचा म्हातारा भलताच मूर्ख हो!"